ढकलून सुरू होणारी जीप

मित्रांनो, रुक्मिणी गेल्याचे कळले तेव्हा माझे बॉनेट उघडे होते. काळूराम माझ्यावर वाकून अल्टरनेटर बसवत होता. एक बोल्ट घालून झाला होता. दुसरा त्याच्या बोटांत होता.

आमच्या शेजारी मंदाचे किराणा दुकान आहे. त्या वेळी गल्लीतला एकुलता एक फोन तिच्याकडे होता. कुणाचा फोन आला की ती गल्ल्यावर बसूनच मोठ्याने हाक मारायची. त्या दिवशी फोन वाजला, पण हाक आली नाही. मंदा स्वतः चालत आली. कुणाला तरी बांधून द्यायची साखरेची पुडी तिच्या हातात तशीच होती, अर्धी उघडी.

"कोनाचा फोन? चांदनीचा?" काळूरामने वर न बघता विचारले. चांदणी ही त्याची मुलगी. ती हॉस्पिटलात आईजवळ होती.

"व्हय, दादा."

"कवा सोडतान म्हनते?"

पुडीतली साखर माझ्या मडगार्डवर सांडत होती, ते तिला कळले नाही.

"दादा, वयनी गेली."

"थांब जरा," काळूराम म्हणाला. "एवढा बोल्ट घालू दे."

त्याने बोल्ट भोकाशी नेला. तो बसेना. त्याने पुन्हा नेला. शेवटी त्याने तो सदऱ्याच्या खिशात टाकला, फडक्याला हात पुसले आणि विचारले, "कोन गेली म्हनालीस?"

मी एक जुनी जीप आहे. भाईंदर पूर्वेच्या खारी गावात, एका चिंचेखाली उभी असते. माझा हिरवा रंग आता ओळखू येत नाही. मागच्या डाव्या कोपऱ्यावर तर रंगच नाही. तिथला पत्रा घासून गुळगुळीत झाला आहे. तो कशाने घासला, तेच मला तुम्हाला सांगायचे आहे.

माझा जन्म मुंबईच्या एका कारखान्यात झाला. पहिली काही वर्षे मी सरकारी नोकरीत डोंगरातल्या वाटांवर काढली. मला जीव लावणारे तिथे कुणी नव्हते. साहेब बदलत, ड्रायव्हर बदलत. मग एक दिवस माझा लिलाव झाला आणि काळूरामने मला घेतले. ते साल होते १९८८.

काळूरामचे घराणे मिठागरातले. वाडवडिलांपासून खारे पाणी बांधावर अडवायचे, उन्हात आटवायचे आणि मीठ ओढायचे, हेच काम. बांधांवरून मिठाच्या गोण्या बाहेर काढायला ट्रक येऊ शकत नसे, तो चिखलात रुतायचा. माझी मात्र चारही चाके जोर लावतात. गिअरशेजारी एक छोटा दांडा आहे, तो ओढला की पुढची चाकेही कामाला लागतात. म्हणून त्याला मी हवी होते.

मी अंगणात आले त्या दिवशी रुक्मिणीने माझ्या बॉनेटवर हळदकुंकू लावले, नारळ फोडला. मंदा कमरेवर हात ठेवून बघत होती.

"वयनी, सवत आली गो घरात!"

"येवू दे की," रुक्मिणी म्हणाली. "मुकी हाय. बोलनारी असती तं भांडन झाला असता."

"तू भांडनारी हायस ना एकटी, पुरे हाय," काळूराम म्हणाला आणि सगळे हसले.

ते पहिले वर्ष चांगले गेले. भरतीचे पाणी बांधाला लागलेले असायचे, बांध जेमतेम माझ्या रुंदीचा, आणि काळूराम मला गोण्यांसकट अलगद बाहेर काढायचा. पावसाळ्यात मिठागर बंद असे. तेव्हा मिरा रोडला नव्या इमारती उठत होत्या. रस्ते कुठेच झाले नव्हते. विटांचे ट्रक चिखलात बसले की माणसे खारीला येऊन विचारायची, "ती जीपवाली कुठे राहते?" साखळी बांधून मी ट्रक ओढून काढत असे. लोक माझ्या बॉनेटवर थाप मारायचे. मला ते आवडायचे.

मिठागरातल्या लोकांची एक रीत आहे. खारातून आलेली कुठलीही वस्तू गोड्या पाण्याने धुतल्याशिवाय घरात घ्यायची नाही. फावडे असो, टोपली असो की माणसाचे पाय असोत. मीठ राहिले तर लोखंड खाते आणि कातडीही खाते. रुक्मिणी रोज संध्याकाळी आधी काळूरामचे फावडे धुवायची, मग स्वतःचे पाय, आणि मग मला. चाके धुवायची, खालून पाणी मारायची. नंतर बॉनेट उघडून दोन बादल्या आत ओतायची. तापलेल्या इंजिनावर पाणी पडले की चर्र आवाज व्हायचा, वाफ निघायची.

"बगा, किती तान लागली हिला," ती म्हणायची.

तिने माझ्यावर माया केली ती अशी. पण त्या पाण्याने माझे काय होत होते, ते मला सांगता आले नाही. मुक्या वस्तूचे हेच दुःख असते, मित्रांनो.

अल्टरनेटर म्हणजे काय, ते थोडक्यात सांगते. इंजिनाच्या बाजूला तो बसवलेला असतो. इंजिन एका पट्ट्याने त्याला फिरवते आणि तो वीज तयार करतो. ती वीज बॅटरीत भरली जाते. बॅटरी म्हणजे हंडा समजा आणि अल्टरनेटर म्हणजे झरा. झरा आटला तरी हंड्यातले पाणी काही दिवस पुरते. म्हणून घरच्यांना वाटते की सगळे ठीक आहे.

माझा झरा आटायला लागला तेव्हा समोरच्या पट्टीवर लाल दिवा लागला. तो इंजिन सुरू झाल्यावर विझायला हवा. तो विझेना. काळूरामने दोन दिवस त्याच्याकडे बघितले आणि तिसऱ्या दिवशी त्यावर काळी चिकटपट्टी लावली.

रुक्मिणी शेजारच्या सीटवर बसली होती. "हे काय केलात?"

"डोल्यात जातो तो दिवा."

"दिवा झाकला म्हंजे दुखनं गेला काय?"

"चालतेय ना गाडी? मंग?"

ही गोष्ट खरी होती. मी चालत होते. माझे इंजिन डिझेलचे. ते एकदा सुरू झाले की त्याला विजेची गरज नसते. वीज लागते ती सुरू करायला, दिव्यांना आणि हॉर्नला. म्हणून एके सकाळी काळूरामने चावी फिरवली आणि मी नुसती कण्हले, तेव्हा त्याने ठरवले की बॅटरी गेली. नवी बॅटरी आणली. ती थोडे दिवस चालली आणि बसली. मग आणखी एक आणली. तीही बसली. बॅटरीवाल्याला त्याने शिव्या दिल्या. अल्टरनेटरकडे कुणी पाहिलेच नाही.

मग ढकलणे सुरू झाले.

काळूरामने चिंचेखाली माझ्यासाठी एक चढ बांधला. मिठागराचा बांध घालतात तसाच, माती टाकून, पाणी मारून, पायाने तुडवून. रात्री मला त्या चढावर उभी करायची आणि सकाळी उतारावरून सोडायची. उतार संपता संपता गिअर टाकला की इंजिन धरायचे. पण पहिल्याच पावसात तो चढ खचून सपाट झाला, आणि मग मागून जोर द्यावाच लागायचा. काळूराम स्टिअरिंगवर बसायचा आणि रुक्मिणी मागून ढकलायची. तिची जागा ठरलेली होती, मागचा डावा कोपरा. कारण उजव्या बाजूला जादा टायर टांगलेला असे.

गावात चेष्टा व्हायची. मंदा दुकानातून म्हणायची, "दादा, नवरे बायकांना गाडीत बसवतान. तुमी बायकोच्या जोरावर गाडी चालवतान!"

"तिला गाडी चालवाया येते काय?" काळूराम म्हणायचा.

"मना चालवाया नको," रुक्मिणी पदराने हात पुसत म्हणायची. "मना निस्ती चावी फिरवायची हाय. एकदा. मी चावी फिरवावी आन ही सुरू व्हावी. तुमी मागं उभं रा."

"गाडी नीट झाली म्हंजे फिरव."

"बघ गो मंदा, तू साक्षी हायस."

तेव्हा ते सगळे हसण्यावारी जायचे. पण रुक्मिणी हसण्यावारी बोलत नव्हती. रोज सकाळी माझ्या मागे उभी राहून ती वाट बघायची, तेव्हा तिचे तळवे माझ्या पत्र्यावर असायचे. मला तिचे मन त्या तळव्यांतून कळत असे.

मिरा रोडच्या शांती नगरातल्या नव्या इमारतींमध्ये माणसे राहायला आली, पण नळाला पाणी पुरेसे नव्हते. मिठाचा हंगाम नसेल तेव्हा काळूराम मला ट्रॉली जोडून गावच्या विहिरीचे पाणी पिंपांत भरून तिकडे नेऊ लागला. रुक्मिणी बरोबर असायची, पिंपे उतरवायला. तिथे पाणी देऊन होईपर्यंत माझे इंजिन चालूच ठेवावे लागे. बंद केले तर सपाट रस्त्यावर ढकलणार कोण?

एका दुपारी दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून एक बाई ओरडल्या. वासंतीबाई त्यांचे नाव. दादरहून नव्या राहायला आल्या होत्या.

"अहो, जरा इंजिन बंद करा ना! बाळ आत्ता कुठे झोपलंय!"

"बाई, बंद केली तं ढकलाया तुमाला खाली यावा लागंल," रुक्मिणीने वर बघून सांगितले.

"म्हणजे?"

"म्हंजे ही एकदा झोपली का उठत न्हाय. तुमचा पोर निदान रडून उठतो तरी!"

वासंतीबाई हसल्या आणि खिडकी लावून घेतली. पण त्या दिवशी मी खड्ड्यात धडपडून खरेच बंद पडले, तेव्हा त्या चपला घालून खाली आल्या. त्यांनी साडी खोचली आणि रुक्मिणीच्या शेजारी उभे राहून मला ढकलले. त्यानंतर पाणी आले की दोघी पाच मिनिटे बोलत उभ्या राहायच्या.

अखेर काळूरामने मला शिवाकडे नेले. शिवाचे नवघर रोडला गॅरेज आहे, गाड्यांच्या विजेचे काम तो करतो. त्याने अल्टरनेटर काढला, उघडला आणि आतला भाग बाहेर उन्हात आणून दाखवला. गंजाने तो तांबडा झाला होता. आतले कार्बन, म्हणजे वीज पोचवणारे कोळशाचे छोटे तुकडे, त्यांच्या खाचेत चिकटून बसले होते. फिरत्या भागाला ते टेकतच नव्हते, मग वीज येणार कुठून?

"काका, इंजिनात पाणी कोण मारतं रोज?"

काळूरामने रुक्मिणीकडे बघितले. रुक्मिणीच पुढे झाली. "मी मारते. खार निघाया नको?"

"खालून धुवा ना काकी, चाकं धुवा. पण इसमें पानी गया तो खतम. गरम असताना तर बिलकुल नको."

रुक्मिणीचे तोंड उतरले. तिने मायेने केलेल्या कामानेच मी आजारी पडले होते. शिवाचे काम होईपर्यंत ती आपल्या तळव्यांकडे बघत बसली. काळूराम म्हणाला, "जाऊ दे गो, तुला काय म्हाईत?"

शिवाने मला बरे केले. काळूरामने चावी फिरवली आणि मी एका झटक्यात सुरू झाले. लाल दिवा लागला आणि विझला. काळी पट्टी रुक्मिणीने स्वतः नखाने खरवडून काढली. मग ती काळूरामच्या बाजूला जाऊन उभी राहिली.

"उतरा आता. मी फिरवते."

"आता घाई हाय. गोन्या पडल्यात बांधावर. उद्या फिरव."

उद्या दुसरे काही निघाले. परवा पाहुणे आले. मित्रांनो, मी रोज चावीने सुरू होत होते आणि रोज चावी काळूरामच फिरवत होता. त्यात त्याच्या मनात वाईट काही नव्हते. जे काम दहा सेकंदांत होते ते कधीही करता येईल, असे माणसाला वाटते.

रुक्मिणीने पाणी मारणे बंद केले. पण खाऱ्या वाऱ्याची भीती तिच्या मनातून गेली नाही. रोज संध्याकाळी इंजिन निवाले की ती अल्टरनेटरभोवती आपल्या जुन्या लुगड्याचा तुकडा गुंडाळायची आणि सकाळी उजाडताच सोडून घ्यायची. एका सकाळी ती विहिरीवर होती. तेवढ्यात कुणीतरी धावत आले, विटांचा ट्रक गटारात कलंडतोय म्हणून. काळूरामने चावी फिरवली. लुगड्याचा तुकडा पट्ट्यात गेला. पट्टा तुटला, अल्टरनेटरचा पंखा मोडला, जळका वास सुटला.

रुक्मिणी हंडा घेऊन आली तेव्हा अंगणात माणसे जमली होती. काळूरामच्या हातात काळा पडलेला तुकडा होता.

"पुन्यांदा हात लावू नको हिला!" तो सगळ्यांसमोर ओरडला. "तुझा हात लागला का वाटोला होतो!"

रुक्मिणीने हंडा खाली ठेवला. "न्हाय लावत," एवढेच म्हणाली.

तिने शब्द पाळला. बॉनेटला तिने परत हात लावला नाही. चावीचे नाव काढले नाही. काळूरामने नवा पट्टा घातला आणि इंजिन चालू झाले, पण मोडका अल्टरनेटर तसाच राहिला. "राहू दे. ढकलू," तो म्हणाला. त्याला वाटले, रुक्मिणीचा राग गेला की बघू. राग तिला नव्हताच, म्हणून तो जायचा प्रश्न आला नाही. ती पहिल्यासारखी स्वयंपाक करत होती, पिंपे भरत होती, बोलत होती. आणि रोज सकाळी मागच्या डाव्या कोपऱ्यावर तळवे टेकून मला ढकलत होती. तेवढी एकच जागा तिने हात लावायला ठेवली.

अशी वर्षे गेली. खारीच्या चारी बाजूंनी इमारती आल्या. मिठागर आकसले. चांदणीचे लग्न होऊन ती नालासोपाऱ्याला गेली.

आता मी तुम्हाला अशी गोष्ट सांगते, जी माझ्याशिवाय कुणाला कळली नाही. रुक्मिणीच्या हातांचा जोर मला ठाऊक होता. हजार माणसांतून मी तो ओळखला असता. तो जोर कमी होऊ लागला. आधी थोडासा. मग ती ढकलता ढकलता मध्येच थांबू लागली आणि कपाळ माझ्या पत्र्याला टेकू लागली. तिचा श्वास मला ऐकू येई. तो वर वर येत असे, आत जात नसे.

काळूराम समोर बघत असायचा. त्याला एवढेच कळायचे की मी पहिल्यासारखी लवकर हलत नाही.

"जड झाली ही गाडी," तो एकदा खाली उतरून म्हणाला.

"व्हय," रुक्मिणी म्हणाली. "जडच झालीय."

मग त्याने माझ्या टायरांत हवा भरली. चाकांना ग्रीस लावले. ट्रॉलीतली जादा साखळी काढून ठेवली. एक टायर जुना झाला होता, तोही बदलला. मित्रांनो, माझी इतकी निगा त्याने कधीच राखली नव्हती. दुखणे एकीकडे होते आणि औषध दुसरीकडे चालले होते. बॅटऱ्या बदलल्या होत्या तसेच.

वासंतीबाईंच्या मात्र लक्षात आले. पिंप उतरवताना त्यांनी रुक्मिणीचा हात धरला.

"रुक्मिणीबाई, किती धाप लागतेय तुम्हाला! दाखवा ना कुणाला तरी."

"चढ हाय ना बाई हितं, म्हून लागते."

"कुठे आहे चढ?"

रुक्मिणी हसली आणि पदराने तोंड पुसले. तिथे चढ नव्हता. शांती नगरचा तो रस्ता ताटासारखा सपाट आहे.

१९९६ च्या थंडीत, मिठाचा हंगाम सुरू झाला तेव्हाची सकाळ. काळूराम सीटवर बसला. रुक्मिणीचे तळवे माझ्या पत्र्यावर टेकले. गार होते. मी जोराची वाट पाहिली. जोर आला नाही.

"ढकल गो!" काळूराम म्हणाला.

तळवे माझ्यावरून खाली घसरले.

"रुक्मे! झोपलीस काय?"

त्याने आरशात बघितले. आरशात कुणी नव्हते. तो उतरून मागे आला. रुक्मिणी माझ्या चाकाला पाठ लावून बसली होती. ओठ निळसर झाले होते.

"काय न्हाय," ती म्हणाली. "जरा बसली. तुमी बसा गाडीत, मी आली."

त्याने तिला उचलले आणि माझ्या सीटवर ठेवले. चावी फिरवली. मी चावीने सुरू होत नाही, हे तो घाईत विसरला होता. मी कण्हलेसुद्धा नाही. नुसता टक असा आवाज झाला. माझ्या चारही चाकांना जोर आहे, मी विटांचे ट्रक चिखलातून काढले आहेत, आणि मला तिला गल्लीच्या तोंडापर्यंतही नेता आले नाही. मंदाने धावत जाऊन रिक्षा आणली. रुक्मिणी रिक्षातून गेली.

दोन दिवसांनी काळूराम कपडे न्यायला घरी आला. मंदाने चहा आणून दिला. तो माझ्या मडगार्डवर टेकून उभा राहिला.

"काय म्हनते वयनी?"

"बोलतेय आता. डाक्टर म्हनतो काळजाचा पडदा खराब हाय, लहानपनापासून. तिला आधीच कळला व्हता का काहीतरी बिघडलाय. बोलली न्हाय." त्याने बशीत चहा ओतला, पण प्याला नाही. "आज मना काय म्हनली म्हाईत हाय? म्हनली, घरी येन ती आपल्याच गाडीतून येन. पन ढकलनार न्हाय आता. चावी मी फिरवनार."

"मंग?"

"मंग काय! म्हनलो, फिरव."

कप तसाच ठेवून त्याने पाने काढले आणि माझा मोडका अल्टरनेटर उतरवला. इतक्या वर्षांनी. तो गोणपाटात गुंडाळून शिवाकडे नेला. शिवाने पंखा बदलला, तार नव्याने गुंडाळली, कार्बन नवे घातले, आणि काळूराम तो उराशी धरून घेऊन आला. अंगणात येताच त्याने चिंचेच्या मुळावर बसून तो फडक्याने पुसला. त्याचा चेहरा तेव्हा मी पाहिला. सणाच्या दिवशी असतो तसा होता. मग त्याने बॉनेट उघडले आणि पहिला बोल्ट घातला.

त्यानंतर मंदाचा फोन वाजला. ते मी तुम्हाला आधीच सांगितले आहे.

दिवसकार्य झाले. माणसे आली आणि गेली. वासंतीबाई शांती नगरहून चालत आल्या आणि माझ्या मागच्या कोपऱ्यापाशी बराच वेळ उभ्या राहिल्या. चांदणी महिनाभर राहिली. जायच्या आदल्या दिवशी ती बापाला म्हणाली, "बाबा, गाडी अशी उभी ठेवून खराब होतेय. तुम्ही बसा, मी ढकलते. एक चक्कर मारून आणू."

ती माझ्या मागे गेली आणि डाव्या कोपऱ्यावर हात ठेवला.

"हात काढ!" काळूराम इतक्या जोरात ओरडला की मंदा दुकानातून बाहेर आली. "कोनी ढकलायचा न्हाय हिला. कोनी म्हंजे कोनी न्हाय!"

चांदणीने हात काढला. मग ती त्याच्याजवळ येऊन बसली.

"बाबा, डॉक्टर काय म्हणाले ते तुम्ही ऐकलंत ना? ढकलल्यामुळे झालं नाही ते."

"तो आनखी एक बोलला."

"काय?"

"म्हनला, पन ढकलाया नको व्हता."

थोड्या वेळाने चांदणी पाणी आणायला उठली. हंडा घेऊन पायरी चढताना तिला जरा दम लागला. काळूराम ताडकन उभा राहिला.

"काय झाला? धाप लागली? चल, डाक्टरकडे चल."

"अहो बाबा, हंडा जड आहे!"

"हंडा जड हाय का तू दमलीस, ते डाक्टर सांगंल. चल."

तो तिला खरेच घेऊन गेला. तिला काही झाले नव्हते. पण मला बरे वाटले. एक गोष्ट तरी त्याने उद्यावर टाकली नाही.

भंगारवाला दोनदा येऊन गेला. काळूरामने त्याला फाटकातूनच परत पाठवला. शिवाही आला होता. बॉनेट उघडून त्याने एका बोल्टवर लोंबणारा अल्टरनेटर बघितला आणि म्हणाला, "काका, एक बोल्ट, पट्टा आणि दोन वायरी. बसल्या बसल्या होईल. लावू?"

"नको. मी लावीन."

"कधी?"

काळूराम म्हणाला, "लावीन."

काळूराम रोज सकाळी येतो. बॉनेट उघडतो. खिशातून बोल्ट काढतो, भोकाशी नेतो आणि थांबतो. मला वाटते, तो बसला तर पुढे चावी फिरवावी लागेल, आणि ती कुणी फिरवायची ते त्याला ठरवता येत नाही. सदरा धुवायला टाकताना तो बोल्ट एका खिशातून दुसऱ्या खिशात घालतो.

मित्रांनो, तुमच्या घरी कुठे लाल दिवा लागला तर त्यावर पट्टी लावू नका. 'चालतंय ना' म्हणून पुढे जाऊ नका. गाडी जड झाली असे वाटले तर टायर बघाच, पण आधी खाली उतरून मागे जा आणि ढकलणाऱ्या माणसाचा चेहरा बघा. तो 'काही नाही' म्हणाला तरी जरा वेळ तिथेच उभे राहा. आणि कुणी तुमच्याकडे एवढीशी गोष्ट मागितली, एकदा चावी फिरवू दे म्हणून, तर तेव्हाच उतरा आणि जागा द्या.

माझे टायर अजून चांगले आहेत. त्यांत हवा आहे. अल्टरनेटर नवा झाला आहे. दुसरा बोल्ट काळूरामच्या खिशात आहे. पट्टा घातलेला नाही, वायरी जोडलेल्या नाहीत, आणि रुक्मिणीने चावी फिरवलेली नाही.